गिअर ऑईल घरी बदलताय? आधी वरचा बोल्ट सोडा

मॅन्युअल गाडीचं गिअर ऑईल बदलायला दोन बोल्ट, दोन-अडीच लिटर तेल आणि एक निवांत सकाळ पुरते. तरीही अंगणात किंवा शेतातल्या शेडखाली हे काम करणाऱ्यांच्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत. जुनं तेल आधी सोडून दिलं आणि नंतर भरायचा बोल्ट निघेना. गिअरबॉक्सचा समजून इंजिनचा बोल्ट सोडला. दुकानदाराने काढून दिलेलं ‘नव्वद नंबर’ न वाचता ओतलं. गाडी पुढून उचललेली असतानाच तेलाची लेव्हल बघितली. यातली प्रत्येक चूक काही हजारांत जाते, आणि नीट क्रम पाळला तर एकही होत नाही.

हा लेख वॅगनआर, स्विफ्ट, आय-१०, आय-२० अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाड्यांसाठी आहे. यांच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) एकाच खोक्यात असतात आणि दोघांना एकच तेल लागतं. बोलेरो किंवा इको मागच्या चाकांवर चालते. तिच्यात गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि डिफरन्शियल असलेल्या मागच्या हाउसिंगचं वेगळं असतं. टप्पे तेच राहतात, पण तेलाचे दोन डबे लागतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी गाड्यांना यातलं काहीही लागू करू नका. एएमटी गाडीत आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, पण बऱ्याच गाड्यांत क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्रणेला स्वतःचं हायड्रॉलिक तेल असतं. त्या टाकीला हात लावायचा नाही.

## खरंच तेलाचं काम आहे का?

तेल कधी बदलायचं हे गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसच्या तक्त्यात असतं. बहुतेक गाड्यांत ते ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान येतं. पण गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव आणि बीडकडच्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. अशा पाण्यात चाकाच्या मध्यापर्यंत बुडालेल्या गाडीचं गिअर ऑईल निदान उघडून बघायलाच हवं.

गिअर जड पडतो म्हणून तेल बदलायला निघाला असाल तर आधी एक साधी परीक्षा करा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, विशेषतः रिव्हर्स खरखरतो, तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा आहे. केबल, क्लचचं तेल किंवा प्लेट बघा. गिअर ऑईल बदलून तो जाणार नाही, पैसे मात्र जातील.

गाडी वॉरंटीत असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

## तेल निवडणं: सगळ्यात मोठी चूक इथे होते

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. एक म्हणजे जाडी: ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० अशी. दुसरी म्हणजे तेलाचा प्रकार: जीएल-४ की जीएल-५. दोन्ही गोष्टी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळल्या पाहिजेत.

जाडीबद्दल आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे. मोंढ्यातल्या कुठल्याही दुकानात विचारा, उत्तर येतं, “भाऊ, आपल्याकडं ऊन लई, जाडच टाका.” हा सल्ला चुकीचा आहे. जालन्यात मे महिन्यात पारा ४२ वर गेला तरी हायवेवर पळणाऱ्या गिअरबॉक्सच्या आतलं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं, आणि कंपनीने जाडी ठरवताना तोच हिशेब धरलेला असतो. जाड तेलाचा त्रास उलट हिवाळ्यात दिसतो. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो. अशा पहाटे निघालात की पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर हट्टाने अडतो.

त्याचं कारण सिंक्रोच्या रिंगमध्ये आहे. गिअर बदलताना ही पितळी रिंग समोरच्या शंकूवर घासते आणि दोघांचा वेग एक करते. रिंगला आतून बारीक खाचा असतात, त्या मधला तेलाचा थर कापून बाजूला सारतात. तेल नको इतकं जाड असेल तर थर वेळेत हटत नाही, रिंग घसरत राहते आणि दात दातांवर आदळतात. तुम्हाला ऐकू येते ती ‘खर्र’ तीच.

आता जीएल. जीएल-५ मधला आकडा मोठा, म्हणून तेल वरच्या दर्जाचं असं अनेकांना वाटतं. तसं नाही, त्याचं काम वेगळं आहे. मागच्या हाउसिंगमधल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीचे दात एकमेकांवर जोरात घसरतात, तिथे धातू वाचवायला गंधक-फॉस्फरसचे घटक भरपूर लागतात. जीएल-५ मध्ये ते जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असतात. गिअरबॉक्समध्ये त्याचे दोन तोटे होतात. एक, तेल इतकं निसरडं होतं की सिंक्रोची रिंग पकडत नाही. दोन, तापलेल्या तेलातले हे घटक पितळेला हळूहळू खाऊ शकतात. म्हणून पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४ च. काही डब्यांवर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेलं असतं. पुस्तक फक्त जीएल-४ म्हणत असेल तर असा डबाही परत ठेवा. बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या हाउसिंगला मात्र जीएल-५ लागतं, तिथे जीएल-४ टाकून काटकसर करू नका.

खेड्यात आणखी एक प्रकार चालतो. ट्रॅक्टरसाठी आणलेला ईपी-९० किंवा वेट ब्रेकच्या तेलाचा मोठा डबा घरात उघडा असतो, मग त्यातलंच दोन लिटर गाडीत जातं. ट्रॅक्टरचं तेल ट्रॅक्टरलाच. होंडाच्या मॅन्युअल गाड्यांना कंपनीचं स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्ससाठीचं खास तेल) लागतं, त्यांच्यात साधं गिअर ऑईल भरू नका.

तेल पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर जास्त आणा. छोट्या गाडीत साधारण दोन ते अडीच लिटर बसतं, आणि भरताना थोडं सांडतंच. डबा सीलबंद असावा, झाकणाखालची पट्टी शाबूत असावी, बॅच आणि तारीख वाचता यावी, आणि बिल घ्यावं. सुट्टं, मापून दिलेलं तेल स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

सावधान: जुनं तेल निघाल्यावर डिझेल किंवा रॉकेल टाकून गिअरबॉक्स ‘धुऊन’ घ्यायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ते पूर्ण कधीच निघत नाही, नव्या तेलात मिसळून त्याला पातळ करतं. गिअरबॉक्स धुवायचा नसतो. तेल कोमट असताना निथळू दिलं की पुरे.

## सामान

- ड्रेन (तेल सोडायचा) आणि फिलर (तेल भरायचा) बोल्टला नेमका बसणारा पाना किंवा गोटी (सॉकेट). काही बोल्टना बाहेरून षटकोनी डोकं असतं, काहींना आत चौकोनी किंवा एलन कीची खाच. आदल्या दिवशी लावून बघा.
- दोन्ही बोल्टचे नवे वायसर, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे, जुन्याच्याच मापाचे.
- जॅक, निदान दोन जॅक स्टँड आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळे.
- तीन-चार लिटर मावेल असं पसरट घमेलं आणि माप छापलेला डबा.
- नरसाळं आणि दीड मीटर पारदर्शक नळी.
- तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, सुती फडकी, हातमोजे, चष्मा, उजेडासाठी बॅटरी (टॉर्च).

टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे दाखवणारा पाना, मिळाला तर फारच चांगलं. एमआयडीसीत काम करणारा एखादा मित्र असेल तर एका सकाळीपुरता मागून आणा. गिअरबॉक्सचं खोकं ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट लोखंडाचा. जोर जास्त झाला तर आटे खोक्याचेच जातात.

## जागा

काळ्या मातीवर जॅक लावायचा नाही. वरून कडक दिसणारी जमीन वजन आलं की एका बाजूने खचते. शहाबादी फरशीच्या अंगणाचाही भरवसा धरू नका. खाली पोकळी असेल तर स्टँडच्या पायाशी फरशी तडकते. सिमेंटचा कोबा सगळ्यात चांगला. तो नसेल तर जॅक आणि प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा किंवा सागवानी फळीचा किमान फूटभर चौरस तुकडा घ्या. गावात कुणाच्या गॅरेजला खड्डा असेल तर तासभर तोच मागा, गाडी आपोआप सपाट राहते.

एप्रिल-मे महिन्यात काम उजाडताच सुरू करा. दुपारच्या वाऱ्यात उडालेली धूळ उघड्या फिलरमधून थेट बेअरिंगपर्यंत जाते.

## टप्पा १: आदल्या संध्याकाळी बोल्ट ओळखा

खाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते काढावं लागेल. मग बॅटरी घेऊन नीट बघा. बहुतेक मारुती आणि ह्युंदाई गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स डाव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला असतो. पण बाजूवर विसंबू नका. खरी खूण ही: ज्या ॲल्युमिनियमच्या खोक्यातून चाकांकडे जाणारे एक्सल बाहेर पडतात, तो गिअरबॉक्स. शेजारी खाली लोंबणारं पसरट पात्र इंजिनचं.

गिअरबॉक्सच्या तळाशी ड्रेन बोल्ट असतो आणि बाजूला, त्याच्या बराच वर, फिलर बोल्ट. त्याच भागात एक वायर जोडलेला जाडसर स्विच दिसेल. तो रिव्हर्सच्या दिव्याचा आहे, फिलर समजून त्यावर पाना लावू नका. काही गाड्यांत मात्र बाजूला फिलर बोल्ट नसतोच, तेल वरून एखाद्या स्विचच्या किंवा स्पीडोमीटरच्या जागेतून मोजून भरतात. तुमची गाडी तशी आहे का, हे पुस्तकात बघून ठेवा.

दोन्ही बोल्टभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढा, फडक्याने पुसा आणि स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात शेतरस्त्याने फिरलेल्या गाडीवर ही माती सिमेंटसारखी बसलेली असते, तिला वेळ द्या.

गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी किंवा नळी असते, हा ब्रीदर. आतली तापलेली हवा तिथून बाहेर पडते. चिखलाने तो बुजला की आतला दाब तेल रोखणाऱ्या ऑईल सीलमधून वाट काढतो आणि एक्सलजवळ तेल झिरपू लागतं. सील बदलूनही गळती थांबत नाही अशी तक्रार असते, तिच्यामागे कितीतरी वेळा बुजलेला ब्रीदर निघतो. तो याच वेळी साफ करा.

तपासा: दोन्ही बोल्ट कुठे आहेत हे दुसऱ्या माणसाला बोट लावून दाखवता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: तेल कोमट करा

सकाळी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. थंड तेल जाड असतं, निम्मी घाण तळाला ठेवूनच बाहेर येतं. आल्यावर वीसेक मिनिटं थांबा. तेल कोमट हवं, पोळणारं नको, आणि सायलेन्सरचा पाइप त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो.

## टप्पा ३: गाडी उचला

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून पुढची बाजू उचला आणि दोन्ही बाजूंना स्टँड द्या. मग जॅक थोडा उतरवा, म्हणजे वजन स्टँडवर येईल. आता गाडीला खांद्याने जोर देऊन हलवून बघा. हलली तर ती आत्ता हललेली बरी.

चार स्टँड असतील तर मागची बाजूही उचलून गाडी सपाट करता येते. फक्त एक लक्षात घ्या, हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो. मागची चाकं अधांतरी झाली की त्याचा उपयोग संपला, गाडी फक्त स्टँडच्या भरवशावर उभी असते. त्यामुळे चार स्टँडचा मार्ग पक्क्या कोब्यावरच.

गाडी सपाट आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी घ्या. एक टोक पुढच्या दाराखालच्या पट्टीशी, दुसरं मागच्या दाराखालच्या पट्टीशी धरा, लगेच कळतं. डावी-उजवीही अशीच बघा.

सावधान: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून चालत नाहीत, ते कसलीही सूचना न देता फुटतात. मुलांना आणि जनावरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

## टप्पा ४: फिलर बोल्ट आधी, ड्रेन नंतर

या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही: फिलर बोल्ट हाताने फिरेपर्यंत ड्रेन बोल्टला पाना लावायचा नाही.

ड्रेन आधी उघडला, गिअरबॉक्स रिकामा झाला आणि मग फिलर गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. रिकाम्या गिअरबॉक्सवर गॅरेजपर्यंत चालवणं म्हणजे बेअरिंग जाळणं. टो करायचं तरी पुढची चाकं उचलूनच न्यावी लागते, नुसता दोर बांधून ओढली तर चाकांबरोबर आतले गिअरही कोरडे फिरतात. फिलर आधी बघितला आणि तो निघालाच नाही, तर जुनं तेल आतच असतं. गाडी सरळ गॅरेजला न्या, काहीही बिघडलेलं नाही.

पाना पूर्ण बसवा. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून पाहिलं तर डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरवला की तो सुटतो. वरून बॉनेटमधून हात घालून काम करताना इथे गफलत होते. बोल्टचं डोकं तुमच्यापासून दुसऱ्या बाजूला असतं, दिशा उलटी भासते, आणि सोडतो आहोत असं समजून माणूस तो आवळत जातो. ताकद लावण्याआधी दिशा मनाशी पक्की करा.

फिलर सुटला की पूर्ण काढा आणि बोटाने आत बघा. तेल भोकाच्या खालच्या काठाशी असेल तर गळती नाही. गाडी पुढून उचलली असेल तर हा अंदाज थोडा चुकतो, पण बोट आत वाकवूनही तेल अजिबात लागत नसेल तर ते कुठेतरी जातंय. एक्सलच्या सीलभोवती ओल आहे का, ते आत्ताच बघून घ्या.

## टप्पा ५: जुनं तेल सोडा

घमेलं ड्रेनखाली सरकवा. तेलाची धार सरळ खाली न पडता सुरुवातीला पुढे जाते, म्हणून घमेल्याचा मध्य थोडा पुढे ठेवा. बोल्ट पान्याने सैल करा, मग हाताने फिरवा. शेवटच्या आट्यांपर्यंत बोल्ट वर दाबून धरा आणि एकदम बाजूला काढा. असं केलं तर बोल्ट घमेल्यात पडत नाही आणि कोपरापर्यंत तेलही येत नाही.

तपासा: आलेलं तेल पातळ आणि काळंकुट्ट आहे का? तसं असेल तर ते बहुधा इंजिनचं आहे. बोल्ट लगेच परत लावा. नवं इंजिन ऑईल भरेपर्यंत गाडी चालू करायची नाही. ही चूक इथे कळली तर खर्च फक्त तेलाचा. पण ती न कळता गिअरबॉक्समध्ये जुन्यावर नवं तेल ओतलं, तर एकीकडे इंजिन कोरडं आणि दुसरीकडे गिअरबॉक्स तुडुंब.

पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. धार थांबून थेंब सुरू झाले तरी थांबा.

## टप्पा ६: बोल्ट आणि तेल वाचा

ही पाच मिनिटं कुणी देत नाही, आणि गिअरबॉक्सची तब्येत कळते ती इथेच. अनेक ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर राखाडी लेप बसलेला दिसेल. बोटाने काढून दोन बोटांत चोळा. गंधासारखा मऊ लागला, खडा जाणवला नाही, तर ती रोजची झीज आहे, काळजीचं कारण नाही. सुईसारखे कण टोचले किंवा दाताचा तुकडा निघाला, तर नवं तेल भरून प्रश्न सुटणार नाही, मेकॅनिकला दाखवा.

मग घमेलं उन्हात न्या आणि तेल हळूच हलवा. सोनेरी झाक तरंगताना दिसली तर ती सिंक्रोच्या पितळेची. पुसटशी झाक जुन्या गाडीत असायचीच. चमचाभर तेलात चमकीसारखे पापुद्रे दिसले तर रिंग झिजल्या आहेत. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. अशा वेळी नवं तेल भरून शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला, एका फेरीत सगळं पाणी निघत नाही.

शेवटी जुनं तेल मापाच्या डब्यात ओता आणि किती निघालं ते लिहून ठेवा.

## टप्पा ७: ड्रेन बोल्ट लावा

चुंबक स्वच्छ पुसा, भोकाचे आटे फडक्याने पुसा, नवा वायसर घाला. जुना वायसर एकदा दबलेला असतो, तो दुसऱ्यांदा नीट दबत नाही. काही बोल्ट निमुळत्या आट्यांचे असतात. त्यांना वायसर नसतो, आट्यांवर सीलंट लावतात. तुमच्या बोल्टला मुळात जे होतं तेच परत लावा.

पहिले तीन-चार आटे बोटांनीच बसले पाहिजेत. अडला तर काढा आणि पुन्हा सरळ लावा. आवळण्याचा टॉर्क पुस्तकात किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तो पाळा. टॉर्क रेंच नसेल तर नेहमीच्या लांबीच्या पान्याने, वायसर टेकल्यावर मनगटाच्या जोराने घट्ट करा आणि थांबा. पान्याला पाइप जोडून किंवा पायाने दाबून आवळू नका. आटे गेले तर पुढचा मुक्काम लेथवाल्याकडे.

तपासा: ड्रेन पूर्ण आवळला? पान्याने पुन्हा एकदा बघा. मगच तेलाचा डबा उघडा.

## टप्पा ८: नवं तेल भरा

नळीचं एक टोक फिलरच्या भोकात दोन-तीन इंच सरकवा, दुसरं बॉनेटमधून वर काढून नरसाळ्याला जोडा. वर एक जण, खाली एक जण असा जोड असावा. गिअर ऑईल हळू उतरतं. नरसाळं काठोकाठ भरण्याची घाई केली की नळी भोकातून सटकते आणि लिटरभर तेल सायलेन्सरवर जातं. डबा आधी अर्धा तास उन्हात ठेवला तर तेल सैल होतं आणि काम निम्म्या वेळात होतं.

पुस्तकातल्या मापाच्या नव्वद टक्के तेल गेलं की थांबा.

## टप्पा ९: लेव्हल, गाडी सपाट असतानाच

चार स्टँडवर किंवा खड्ड्यावर गाडी सपाट असेल तर उरलेलं तेल थोडं थोडं ओता. फिलरच्या खालच्या काठावरून बारीक धार बाहेर येऊ लागली की भरणं बंद. धार थेंबांवर आली की लेव्हल बरोबर.

दोनच स्टँड असतील तर फिलर हाताने लावून गाडी खाली उतरवा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. बऱ्याच गाड्यांत चाकामागून फिलरपर्यंत हात पोचतो. तिथून बोल्ट काढून, जमिनीवर सपाट उभ्या गाडीत उरलेलं तेल भरा. वेळ लागतो, पण पुढून उचललेल्या गाडीत धार आली म्हणजे गिअरबॉक्स भरला असं धरणं चूक आहे. फिलर गिअरबॉक्सच्या कोणत्या बाजूला आहे त्याप्रमाणे तेल खरं तर कमी असेल किंवा जास्त.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ असं इथे नसतं. जास्त तेल गिअर घुसळतात, फेस होतो, तापमान वाढतं आणि सीलवर दाब येतो. पुढच्या बाजूचा सील सुटला तर तेल क्लच प्लेटवर जातं, आणि मग गिअरबॉक्स उतरवूनच दुरुस्ती.

ज्या गाड्यांत लेव्हलचं भोक नाही, त्यांत पुस्तकातलं माप हाच आधार. जुनं किती निघालं हा आकडा पडताळणीसाठी वापरा, माप म्हणून नको. जुनं आधीच कमी असू शकतं.

फिलरला नवा वायसर घाला, आवळा, दोन्ही बोल्टभोवतीची जागा कोरडी पुसा.

## टप्पा १०: चालवून बघा

पाच-सहा किलोमीटर साध्या रस्त्याने जा, सगळे गिअर वर-खाली टाका, रिव्हर्सही. घाटात लगेच नेऊ नका. परत येऊन बोल्टभोवती कोरडं बोट फिरवा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी एखादा थेंब असेल तर जागेसकट दिसतो. मगच प्लास्टिकचं कव्हर लावा.

नव्या तेलात गिअर मऊ पडतात, पण झिजलेली रिंग भरून येत नाही. दुसरा गिअर गरम गाडीतही खरखरत राहिला तर दुसऱ्या ब्रँडचं तेल किंवा बाटलीतलं औषध शोधू नका, सिंक्रो तपासून घ्या.

## जुनं तेल

वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ते नालीत, उकिरड्यावर किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नाही. आपल्याकडे वाळवीसाठी हे तेल कुंपणाच्या खांबांना फासतात. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तेही करू नका, पाऊस ते खाली नेतो, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर घर चालतं. नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरून, झाकण लावून, जुनं तेल गोळा करून पुनर्वापराला देणाऱ्या गॅरेजला द्या. इंजिन ऑईलबरोबर ते घेतलं जातं. मात्र त्यात पाणी, डिझेल किंवा कूलंट मिसळू देऊ नका, मग ते कुणी घेत नाही.

गाडीच्या पुस्तकात तारीख, किलोमीटर, तेलाची जाडी, जीएलचा आकडा आणि किती लिटर बसलं ते लिहा. पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही बोल्ट पुन्हा बघा. ओल दिसली तर आणखी आवळत जाऊ नका. वायसर तिरका बसला असण्याची शक्यता जास्त असते, तो बदला.